जिलेटिनमधली गोळी: काडतूस-चाचणीचे मोजता येतील असे फोटो कसे काढावेत

काडतुसाची जिलेटिन-चाचणी, म्हणजे शरीरातल्या स्नायूंसारख्या मऊ जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी झाडून पाहणं, म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. पारदर्शक ठोकळा आतून फुग्यासारखा फुगलेला आणि गोळी पलीकडच्या टोकाकडे निघालेली. तो फोटो काढायला मलाही मनापासून आवडतं, आणि तो कसा काढायचा हे पुढे सविस्तर सांगितलं आहे. पण ती फुगलेली पोकळी काही मिलिसेकंदांत मिटते. चाचणी घेणाऱ्याला हवं असतं ते मागे उरलेलं: गोळी किती खोल गेली, वाटेत कुठे उमलली (टोक फुलासारखं पसरलं), शेवटी तिचा आकार काय झाला. हे कुणी फोटोवरून मोजायला बसलं तर आकडा बरोबर यायला हवा. म्हणून या कामात मी फोटोला मोजमापाचं साधन मानतो आणि कॅमेऱ्याचा प्रत्येक निर्णय त्याच हिशेबाने घेतो.

आधी सुरक्षिततेचं बोलून घेऊ. गोळी झाडणारा परवानाधारक हवा, जागा अधिकृत रेंज हवी, आणि फोटो काढणारा माणूस वेगळा हवा. एकाच माणसाने दोन्ही कामं करायची नाहीत, कारण दोन्हींना पूर्ण लक्ष लागतं. ठोकळ्याच्या मागे भक्कम बॅकस्टॉप, म्हणजे गोळी अडवणारी भिंत किंवा भराव, असायलाच हवा. गोळी पलीकडून बाहेर पडू शकते, तशीच वाटेत वळून बाजूने किंवा वरूनही निघू शकते. कॅमेरा ठोकळ्याच्या बाजूला, गोळीच्या रेषेला काटकोनात उभा राहतो, म्हणजे तोही धोक्याच्या टप्प्यातच असतो. त्याच्यापुढे पॉलिकार्बोनेटची स्वच्छ शीट लावा. ती उडणाऱ्या बारीक तुकड्यांपासून लेन्स वाचवते, थेट गोळी अडवत नाही. कॅमेरा रिमोटने चालवा आणि स्वतः फायरिंग लाइनच्या मागे थांबा. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. फोकस बिघडला, फ्लॅश कलंडला, काहीही झालं तरी रेंज ऑफिसरने ‘रेंज सुरक्षित’ असं म्हटल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकायचं नाही.

ठोकळ्याची तयारी

निम्मा फोटो ठोकळा ओतताना ठरतो. प्रचलित मिश्रण वजनाने १० टक्के जिलेटिनचं असतं, २५० ब्लूम (जिलेटिनच्या घट्टपणाचं माप) ताकदीचं, आणि चाचणीच्या वेळी त्याचं तापमान ४ अंश सेल्सिअस असावं लागतं. अमेरिकी लष्करी शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांनी १९८०च्या दशकात लेटरमन लष्करी संशोधन संस्थेतल्या प्रयोगशाळेत हीच पद्धत रुजवली. ११ एप्रिल १९८६ला मायामीत एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेच्या एजंटांची दरोडेखोरांशी चकमक झाली; त्यानंतर एफबीआयने काडतुसं तपासण्याची जी कार्यपद्धती ठरवली, तीही याच जिलेटिनवर उभी आहे. नाटोच्या पद्धतीत २० टक्के जिलेटिन १० अंशांवर वापरतात. हे दोन्ही ठोकळे फोटोत सारखेच दिसतात, निकाल मात्र वेगळे देतात. त्यामुळे कोणतं मिश्रण होतं हे फोटोतच लिहिलेलं असावं.

फोटोसाठी सर्वांत मोठा शत्रू म्हणजे बुडबुडे. पावडर आधी थंड पाण्यात भिजू द्या, मग हळूहळू गरम करा. घुसळू नका, सावकाश ढवळा. वर आलेला फेस ओतण्यापूर्वी काढून टाका. साच्याच्या बाजू काचेसारख्या गुळगुळीत हव्यात, कारण साच्यावरचा प्रत्येक ओरखडा ठोकळ्याच्या अंगावर उमटतो आणि त्यातून आतलं दृश्य धुरकट दिसतं.

ठोकळा प्रमाणाप्रमाणे आहे का हे तपासायला ४.५ मिलिमीटरचा स्टीलचा छर्रा साधारण १८० मीटर प्रति सेकंद वेगाने मारतात. तो ८.५ सेंटिमीटर खोल जायला हवा, फार तर एखादा सेंटिमीटर मागेपुढे. या छर्‍याचा मार्ग मुख्य फोटोच्या चौकटीत येईल अशी आखणी करा. पाहणाऱ्याला वेगळं प्रमाणपत्र लागत नाही, पुरावा तिथेच असतो. शिवाय फ्लॅश पेटवणाऱ्या तुमच्या ट्रिगरची आणि फोकसची तालीम याच छर्‍यावर होऊन जाते.

खनिज तेलापासून बनवलेलं पारदर्शक कृत्रिम जेल फोटोला फार सोपं असतं. ते खोलीच्या तापमानाला राहतं, पाण्यासारखं स्वच्छ दिसतं आणि वितळवून पुन्हा वापरता येतं. पण त्यातले आकडे खऱ्या जिलेटिनशी थेट जुळत नाहीत. दोघांचे फोटो शेजारी लावायचे तर दोन्हींवर माध्यमाचं नाव ठळक लिहा. या जेलमध्ये पोकळीत कधीकधी क्षणभर पेट घेतल्यासारखा प्रकाश दिसतो आणि आत काजळी राहते. तो तेलाच्या वाफेचा परिणाम आहे, गोळीचा गुण नाही.

खरं जिलेटिन थंड पेटीतून बाहेर काढलं की दमट हवेत दोन-तीन मिनिटांत त्याच्यावर दव धरतं. पहिल्यांदा हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोकस पुन्हा पुन्हा तपासत राहिलो, चित्र मऊच येत होतं, आणि शेवटी बोटाने ठोकळ्याची बाजू पुसली तेव्हा त्या बोटाएवढ्या पट्टीतून पलीकडचा दिवा लख्ख दिसला. तेव्हापासून क्रम ठरून गेला आहे: कॅमेरा, दिवे, फोकस, ट्रिगर सगळं आधी एखाद्या जुन्या ठोकळ्यावर लावून ठेवायचं, खरा ठोकळा शेवटी आणायचा, मऊ कापडाने पुसायचा आणि लगेच चाचणी घ्यायची. याने तापमानही हातचं जात नाही.

कॅमेरा किती लांब, पट्टी कुठे

इथेच सर्वांत जास्त फोटो फसतात आणि फसल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

समजा ठोकळा १५ सेंटिमीटर जाड आणि ४० सेंटिमीटर लांब आहे. गोळी मधून जाते, म्हणजे समोरच्या पृष्ठभागापासून ७.५ सेंटिमीटर आत. बहुतेक जण मोजपट्टी समोरच्या बाजूलाच चिकटवतात. पट्टी कॅमेऱ्याला जवळ, गोळी लांब. त्यामुळे गोळीचा मार्ग पट्टीच्या मानाने लहान दिसतो. त्यात जिलेटिन प्रकाश वाकवतं. त्याचा अपवर्तनांक पाण्यापेक्षा किंचित जास्त, साधारण १.३५ धरा. म्हणून ७.५ सेंटिमीटर आतली गोळी कॅमेऱ्याला सुमारे ५.६ सेंटिमीटर आत असल्यासारखी दिसते. कॅमेरा २ मीटरवर असेल तर फरक पावणेतीन टक्क्यांच्या आसपास जातो. ४० सेंटिमीटरचा मार्ग पट्टीवर ३९च्याही किंचित खाली वाचला जातो. एफबीआयच्या पद्धतीत खोली १२ ते १८ इंच, म्हणजे साधारण ३०.५ ते ४५.७ सेंटिमीटर असावी अशी अपेक्षा असते. काठावरच्या गोळीसाठी हा एक सेंटिमीटर म्हणजे पास-नापासाचा फरक.

यावर तीन उपाय, आणि मी तिन्ही एकत्र वापरतो. पट्टी ठोकळ्याच्या माथ्यावर, बरोबर मध्यरेषेवर, गोळीच्या मार्गाच्या थेट वर उभी ठेवायची. आता पट्टी ७.५ सेंटिमीटर मागे आणि गोळी दिसते ५.६ सेंटिमीटरवर, म्हणजे फरक एका टक्क्याच्या आत येतो. दुसरं, लांब लेन्स घेऊन मागे सरकायचं. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर १०० मिलिमीटरच्या लेन्सने २ मीटरवरून सुमारे ७० सेंटिमीटर रुंदीचं दृश्य मिळतं, त्यात ठोकळा आणि दोन्हीकडची थोडी जागा नीट बसते. जागा असेल तर २०० मिलिमीटर लावून ४ मीटरवर जा, चूक निम्मी होते. तिसरं, चाचणीनंतर सळई घालून किंवा ठोकळा कापून खरी खोली हाताने मोजायची आणि तो आकडा फोटोतल्या माहितीच्या पाटीवर लिहायचा. फोटोतलं मोजमाप आणि हातचं मोजमाप जुळलं की निर्धास्त व्हावं.

कॅमेरा ठोकळ्याच्या मध्याच्या उंचीवर आणि पृष्ठभागाला समांतर हवा. तिरका असेल तर एका टोकाचे सेंटिमीटर दुसऱ्या टोकापेक्षा मोठे दिसतात. ठोकळ्याच्या वरच्या आणि खालच्या कडा पडद्यावरच्या जाळीशी जुळवून पाहा, अर्धा अंशही लगेच कळतो. फोकस समोरच्या पृष्ठभागावर नको, मध्यरेषेवर हवा. माथ्यावरच्या पट्टीवर फोकस करून लेन्स मॅन्युअलवर टाका आणि रिंगला टेप लावा. २ मीटरवर १०० मिलिमीटर, एफ/८ ठेवलं तर स्पष्टतेचा पट्टा साधारण १९ सेंटिमीटरचा मिळतो, त्यात पट्टी आणि गोळी दोन्ही येतात.

टेबलाचा विचारही करा. गोळी लागली की ठोकळा उडी मारतो. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड त्या टेबलाला टेकलेला नसावा, आणि पायांवर वाळूच्या पिशव्या असाव्यात.

प्रकाश मागून

जिलेटिन म्हणजे थोडीशी पिवळसर काच. समोरून दिवा मारला तर त्यात खोली, दिवा आणि तुम्ही स्वतः दिसता. मागून पसरट, एकसारखा प्रकाश दिला की पोकळीच्या भिंती, भेगा आणि गोळी गडद रेषांनी उठून दिसतात. ठोकळ्यामागे ३० ते ५० सेंटिमीटरवर दुधी अ‍ॅक्रिलिकची मोठी शीट आणि तिच्यामागे दिवे. शीट ठोकळ्यापेक्षा थोडीच मोठी ठेवा. फार मोठी असली तर प्रकाश कडांवरून आत वळतो आणि काळा भाग राखाडी होतो. हे सगळं बॅकस्टॉपच्या आड येत नाही आणि गोळीच्या वाटेत नाही, हे रेंज ऑफिसरला दाखवून घ्या.

हॅलोजन दिवे टाळा, त्यांची उष्णता ठोकळ्याला मऊ करते. एलईडी घेतले तर बॅटरीवर किंवा शुद्ध डीसी पुरवठ्यावर चालणारे घ्या. घरगुती वीजपुरवठ्यावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा लुकलुकतात, आणि काही एलईडी मंद केले की त्याहून वेगाने. हे डोळ्याला कळत नाही, पण हायस्पीड व्हिडिओत एक फ्रेम उजळ, एक काळवंडलेली असं दिसतं.

गती गोठवायची कशी

साधा हिशेब डोक्यात पक्का बसवा: अस्पष्टपणा, म्हणजे फोटोतला घसरा, बरोबर वेग गुणिले वेळ. पिस्तुलाची गोळी ३५० मीटर प्रति सेकंदाने येते असं धरू. १/८००० सेकंदाच्या शटरमध्ये ती ४४ मिलिमीटर पुढे जाते, म्हणजे फोटोत गोळीऐवजी धुराची रेघ. जागतिक शटर (सगळं चित्र एकाच क्षणी टिपणारा) असलेला सोनी अल्फा ९ थ्री १/८०००० सेकंदापर्यंत जातो, तरी साडेचार मिलिमीटरचा घसरा राहतो. साधा इलेक्ट्रॉनिक शटर तर वापरूच नका. तो चित्र ओळीओळीने वाचतो, आणि फ्लॅश पडला की फोटोत अर्धाच पट्टा उजळतो.

म्हणून गोठवण्याचं काम शटरने नाही, फ्लॅशने करायचं. हातातला साधा फ्लॅश पूर्ण ताकदीवर बराच वेळ पेटलेला राहतो, पण १/१२८ ताकदीवर त्याचा लखलखाट बहुतेक मॉडेलांत १/३०००० ते १/४०००० सेकंदाच्या आसपास येतो. म्हणजे साधारण २५ ते ३३ मायक्रोसेकंद. गोळीसाठी हे अजूनही पुरेसं नाही, एक सेंटिमीटरभर घसरा येतोच. पण पोकळीच्या भिंती गोळीपेक्षा कितीतरी सावकाश हलतात. भिंत २० मीटर प्रति सेकंदाने सरकत असेल तर त्या काळात ती अर्धा-पाऊण मिलिमीटरच जाते आणि फोटोत धारदार येते. साध्या फ्लॅशने गोळी नाही, पण पोकळी उत्तम गोठते. हे मान्य केलं की निराशा टळते.

गोळीच स्वच्छ हवी असेल तर एका मायक्रोसेकंदाच्या आसपासचा ठिणगीचा किंवा खास हायस्पीड फ्लॅश लागतो. त्यात घसरा एक तृतीयांश मिलिमीटर. एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९६४मध्ये सफरचंदातून जाणारी गोळी टिपली ती अशाच लखलखाटाने. त्याच्याही कितीतरी आधी, १८८६मध्ये, अर्न्स्ट माख आणि पीटर साल्खर यांच्या प्रयोगांत ठिणगीच्या प्रकाशात गोळीपुढची आघातलहर फोटोत उतरली होती. मोठा स्टुडिओ फ्लॅश या कामाला बहुधा उपयोगी पडत नाही; जुन्या मॉडेलांत ताकद कमी केली की लखलखाट उलट लांबतो. फ्लॅशच्या माहितीपत्रकातला आकडा टी-०.५ (प्रकाश निम्म्याहून जास्त असतो तेवढाच वेळ) असेल तर सावध राहा. प्रकाश मंदावत जाण्याचं शेपूट त्यात धरलेलं नसतं, आणि खरा वेळ तिपटीपर्यंत जाऊ शकतो.

१/१२८ ताकदीवर प्रकाश फार थोडा मिळतो. म्हणून एकाच दुधी शीटमागे तीन-चार फ्लॅश एका तारेने जोडून एकदम पेटवा. आयएसओ ८०० किंवा १६०० चालतो. थोडे दाणे परवडतात, घसरा परवडत नाही.

शटर गोळीच्या वेळी उघडेल या भरवशावर राहता येत नाही, कारण बटण दाबल्यापासून शटर उघडेपर्यंतच गोळी बॅकस्टॉपमध्ये पोहोचलेली असते. शटर आधी उघडून ठेवायचा, एक-दोन सेकंद, आणि त्या अवधीत फ्लॅश एकदा पेटू द्यायचा. त्यासाठी ठोकळ्याभोवती अंधार हवा, पण रेंजवर अंधार करायचा नाही. जिवंत रेंजवर दिवे मालवणं मला कुठल्याही फोटोसाठी मान्य नाही. ठोकळा, दुधी शीट आणि कॅमेऱ्यापर्यंतची वाट काळ्या कापडाच्या तंबूत घ्या. गोळी येण्या-जाण्यासाठी दोन बाजू मोकळ्या ठेवा. नेमबाजाकडे पूर्ण उजेड राहतो. मग फ्लॅश बंद ठेवून तेवढ्याच सेटिंगवर एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला तरच पुढे जा.

फ्लॅशला निरोप कोण देणार

आवाजाचा ट्रिगर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लहरी. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणून मायक्रोफोन पुढेमागे सरकवून विलंब बदलता येतो. पण स्वनातीत (आवाजापेक्षा वेगवान) गोळीत आधी आघातलहर ऐकू येते, मग बंदुकीचा आवाज, आणि ट्रिगर कशावर उडाला हे कळत नाही. दोन फॉइलमध्ये कागद ठेवून केलेला संपर्क-ट्रिगर वेळेत अचूक असतो, पण पोकळ टोकाच्या गोळीत तो कागद अडकू शकतो, म्हणजे चाचणीच बिघडते. नोंदीच्या चाचणीत प्रकाश-पडद्याचा ट्रिगर वापरा; गोळीने प्रकाशाचा पडदा ओलांडला की तो उडतो, गोळीला काहीच शिवत नाही. ठोकळ्याच्या तोंडाशी ट्रिगर झाला की १ मिलिसेकंद विलंबापासून सुरुवात करा आणि पुढच्या प्रत्येक गोळीला अर्धा मिलिसेकंद वाढवा. प्रत्येक गोळी मागच्या मार्गापासून पुरेशी दूर जायला हवी, नाहीतर ती जुन्या भेगेत शिरते.

हायस्पीड व्हिडिओ असेल तर हा सगळा खटाटोप वाचतो. ते कॅमेरे सतत नोंदवत असतात. गोळी झाडल्यानंतर बटण दाबलं तरी मागचे क्षण हाती लागतात. सेकंदाला १०,००० फ्रेममध्ये दोन फ्रेमच्या मध्ये गोळी साडेतीन सेंटिमीटर सरकते. फ्रेमच्या वेगासोबत प्रत्येक फ्रेमचा एक्स्पोजरही कमी करायला विसरू नका. तो १०० मायक्रोसेकंदांवरच राहिला तर घसराही साडेतीन सेंटिमीटरचा. २ मायक्रोसेकंदांवर आणलात की तो पाऊण मिलिमीटर होतो, मात्र प्रकाश पन्नासपट लागतो. फोनच्या २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये दोन फ्रेमचं अंतर चार मिलिसेकंदांहून जास्त. त्यात फुगलेला ठोकळा एखाद्या फ्रेममध्ये सापडला तर सापडला. त्यावरून पोकळीचा व्यास मोजू नये.

शांत झालेला ठोकळा

आता घाई नाही, आणि खरी माहिती इथेच आहे. ट्रिगर बंद, ट्रायपॉड जागेवरच, कमी आयएसओ, हवा तेवढा लांब शटर. ठोकळ्याच्या समोर पाण्याचा पातळ थर लावून स्वच्छ अ‍ॅक्रिलिकची शीट टेकवा; पृष्ठभागाचा खडबडीतपणा नाहीसा होतो आणि आतलं सगळं खिडकीतून पाहिल्यासारखं दिसतं. गोळीच्या मार्गात सिरिंजने खाण्याच्या रंगाचं पाणी हलक्या हाताने सोडलं की भेगांची पानं उमटतात. पण रंगाशिवायचा फोटो आधी काढा. रंग एकदा आत गेला की परत येत नाही.

एक फोटो मी नेहमी ध्रुवित प्रकाशात घेतो. दिव्यावर पोलरायझिंग शीट आणि लेन्सवर पोलरायझर, तो फिरवून पार्श्वभूमी काळी करायची. ताणलेलं जिलेटिन दुहेरी अपवर्तन करतं, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीत मार्गाभोवती उरलेला ताण रंगीत कडांनी चमकतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी बराच वेळ कॅमेऱ्याला हात न लावता नुसता बघत राहिलो होतो.

मग ठोकळा मार्गाला आडवा अडीच सेंटिमीटरच्या चकत्यांत कापा. प्रत्येक चकती प्रकाशपाटावर ठेवून वरून फोटो घ्या, शेजारी खोलीचा क्रमांक आणि छोटी पट्टी. केंद्रातून निघालेल्या भेगांची लांबी या फोटोंवरून मोजता येते आणि तात्पुरती पोकळी कुठे सर्वांत मोठी झाली असावी याचा अंदाज बांधता येतो. एका झगझगीत फोटोपेक्षा या बारा-पंधरा साध्या चकत्या जास्त बोलतात.

निघालेली गोळी कोमट पाण्यात धुवा, कोरडी करा, वजन करा. मॅट राखाडी कागदावर, दोन बाजूंनी मऊ प्रकाश देऊन मॅक्रो लेन्सने तीन फोटो: समोरून, बाजूने, तळाकडून. उमललेल्या पाकळ्यांची खोली एका फोकसमध्ये मावत नाही, म्हणून फोकस थोडा थोडा सरकवत १०-१५ फोटो घेऊन जोडा. पट्टी पाकळ्यांच्या सर्वांत रुंद पातळीवर हवी, कागदावर नाही. इथेही ठोकळ्यासारखीच चूक होते.

पाटी आणि फाइल

प्रत्येक चौकटीत एक छोटी पाटी असू द्या: चाचणी क्रमांक, तारीख, काडतुसाचं नाव आणि गोळीचं वजन, नळीची लांबी, अंतर, क्रोनोग्राफवरचा (वेगमापकावरचा) वेग, ठोकळ्याचं मिश्रण आणि तापमान, छर्‍याची खोली, आणि पुढे अडथळा होता का. कापड, प्लायवूड, पत्रा किंवा गाडीची काच असेल तर ती फोटोत दिसलीच पाहिजे. काचेची चाचणी असेल तर पॉलिकार्बोनेटची शीट दर गोळीनंतर बदला, तिच्यावरची काचेची पूड पुसायला गेलात तर ओरखडे पडतात.

रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली मूळ फाइल जपून ठेवा. लेन्सची वक्रता दुरुस्त करणं, क्षितिज सरळ करणं, संपूर्ण मालिकेला एकच व्हाइट बॅलन्स लावणं, एवढ्यावर थांबा. जिलेटिनचा पिवळेपणा घालवायचा मोह होतो, पण जुन्या आणि ताज्या ठोकळ्यातला फरक त्या रंगातूनच कळतो. बुडबुडे, भेगा, तुकडे यांतलं काहीही पुसू नका. ठोकळ्यात गोळीपासून दूर राहिलेला जॅकेटचा (गोळीवरच्या धातूच्या आवरणाचा) छोटासा तुकडा फोटोत डाग वाटतो. एका मालिकेत असाच एक डाग मी मोठा करून पाहिला, तर ती तांब्याची वळलेली चकती होती, मार्गापासून चार बोटं बाजूला, आणि गोळीच्या वजनात जी तूट येत होती तिचा हिशेब तिथे लागला.